वहीत नसलेला बदल

"एवढंसंच तर आहे गं, चैत्रा," असं डॉक्टर रुद्रमुनी म्हणाले की चैत्राच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दावणगेरेतल्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचं काम तिने सहा आठवड्यांचं म्हणून घेतलं होतं. आता चौथा महिना चालू होता, आणि सगळा वेळ या एवढ्याशानेच खाल्ला होता. डॉक्टरांना प्रत्येक पेशंटचं नाव गावासकट हवं. काउंटरवरच्या गिरिजम्मांना सगळं घर एकाच कार्डावर हवं.

"नवरा-बायको वेगळ्या पानांवर? काडीमोड झालाय का त्यांचा?" त्या विचारायच्या.

डॉक्टरांची सून सहना, तीही दातांचीच डॉक्टर. सासऱ्यांनी आज सांगितलेलं ती उद्या फिरवायची. पण सासऱ्यांना नाही, चैत्राला सांगायची. दोघांच्या खोल्यांमध्ये भिंत एकच, तरी निरोप पोचवायला मधे चैत्रा.

शेवटी वैतागून तिने लाल वही आणली. बदल हवा तर आधी वहीत लिहायचा, दोन्ही डॉक्टरांनी सह्या करायच्या, मगच ती कॉम्प्युटरला हात लावणार.

"माझ्याच दवाखान्यात मी अर्ज करू?"

"हो सर. आणि सूनबाईंचीही सही लागेल."

डॉक्टरांनी नाक मुरडलं, पण सही केली. असे तीस बदल वहीतून गेले. कोणी तोंड उघडलं की चैत्रा वही पुढे करायची. गिरिजम्मा तिला 'वहीअम्मा' म्हणू लागल्या.

बुधवारी डॉक्टर पुन्हा आले. पडद्यावरचं दातांचं चित्र कॉलेजच्या रीतीचं होतं, पेशंट समोर बसल्यासारखं. त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. डॉक्टर मात्र तीस वर्षं खुर्चीच्या मागे उभं राहून दात काढत आलेले, त्यांची जुनी कागदी कार्डंही मागून पाहिल्यासारखीच.

"उलटव की ते. एवढंसंच तर आहे."

सहना रजेवर होती, आणि डॉक्टरांचा सकाळपासूनचा हा अकरावा फेरा. "घ्या, उलटवलं! झालं समाधान?" चैत्रा तडकली, दोन मिनिटांत चित्र फिरवलं आणि तरातरा बस पकडायला गेली.

शुक्रवारी, रजेवरून परतलेल्या सहनाच्या खुर्चीत कोट्रप्पा बसला होता, मंडक्की-मिरचीची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीभज्यांची गाडी लावणारा साठीचा माणूस. त्याच्या किडक्या उजव्या दाढेवर सहनानेच पंधरा दिवसांपूर्वी चित्रात खूण केली होती. कीड मुळाशी, वरून दोन्हीकडच्या दाढा सारख्याच. आज खूण पडद्याच्या उजवीकडे दिसली, म्हणजे तिच्या हिशेबाने पेशंटची डावी. तिने डावीकडे भुलीची सुई दिली, थोडं थांबली आणि पकड उचलली.

कोट्रप्पाने तिचं मनगट धरलं. "अव्वा, ही नको! हिच्यावरच तर जेवतोय मी. दुखते ती पलीकडची."

"मग सुई टोचताना का नाही बोललात?"

"म्हटलं, असेल तुमची काही रीत."

सहनाने पकड खाली ठेवली आणि पडद्यावरचं चित्र पुन्हा निरखून पाहिलं. आरडाओरडा ऐकून सगळे धावले. "चित्र उलटवायला कोणी सांगितलं?" तिने विचारलं. रुद्रमुनींनी खाली पाहिलं, मग एकदम म्हणाले, "वही आणा. वहीत असेल सगळं."

चैत्राने पानं उलटली. बदल तिसावा, दोन सह्या. पुढचं पान कोरं होतं. चार महिने ज्यांच्यावर ती डाफरत होती ते सगळे आता तिच्याकडे पाहत होते, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पेन काढलं आणि लिहिलं: 'बदल एकतिसावा. चित्र उलटवलं. सांगणारे डॉ. रुद्रमुनी. न लिहिता करणारी चैत्रा.'

रुद्रमुनींनी मुकाट्याने सही केली. खाली सहनाने केली.

कोट्रप्पा हे सगळं अर्धं तोंड लोंबत असताना पाहत होता. ओघळणारी लाळ पुसत त्याने चैत्राला विचारलं, "सगळ्यांच्या सह्या घेता, अव्वा. दाढ ज्याची, त्याची नाही घेत?"

चैत्राने फूटपट्टी मागवली आणि वहीत सहीचा तिसरा रकाना आखायला घेतला.