शनिवारचं इंजिन

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली तशा तुळसाबाई सातवीच्या पोरींना घेऊन हेमसिंगच्या पिठाच्या चक्कीवर निघाल्या. अनसिंग गावाकडून गरम वारा सुटला होता. काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मागून त्यांची लेक अंजना चालत होती. तीही त्याच शाळेत मास्तरीण. पण गाव तिला ओळखायचं ते इंजिन सुरू करणारी पोरगी म्हणून.

चक्की डिझेल इंजिनवर चाले. पुस्तकात इंजिनचं चित्र होतं, पण चित्राला कान लावता येत नाही, असं बाईंचं म्हणणं. हॅण्डल उलटं फिरलं तर मनगट मोडतं, म्हणून ते धरायचं कसं, हे त्या प्रत्येकीकडून करून घेत.

दळण घेऊन आलेले ग्यानबा ओट्यावर बसून हसले. "बाई, पोरीयले भाकरी शिकवा. हे कायले?"

"भाकरी माय शिकवते, ग्यानबाभाऊ. उद्या वावरात, घरात, जिथं तिथं मशीन येईन. तवा तुमची नात हिरी काय टोपलं घेऊन दारातच बसन?" बाई म्हणाल्या. "माया अंजीले पाहा. भेते का ते?"

अंजनानं पदर खोचला. दर शनिवारसारखीच भीती लपवून हॅण्डल फिरवलं. इंजिन धडधडलं. बाईंचा चेहरा उजळला. तेवढ्यासाठीच ती हे करायची.

रविवारी बाई झोपेतून उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. गावानं ठरवलं, इंजिनचे हादरे काळजात बसले. बापांनी पोरींना चक्कीची वाट बंद केली. मयतीत ढसाढसा रडलेला हेमसिंगही म्हणाला की आता राहू द्या, एखादीचं बरंवाईट झालं तर लोक माझं घर जाळतील. ऐकून अंजनाला क्षणभर सुटल्यासारखं झालं. मग त्या सुटकेचीच तिला भीती वाटली. आईचं एवढं काम, आणि ते आपल्या एका 'बरं'नं संपलं असतं.

पुढल्या शनिवारी ती एकटीच चक्कीवर गेली. नको नको म्हणत हेमसिंगनं हॅण्डल दिलं. पोरी लांबून मागे आल्या होत्या, दारात थबकल्या. हिरीला परत न्यायला आलेले ग्यानबाही तिथंच उभे राहिले.

अंजनाला हॅण्डल इंजिनच्या दांड्यावर बसवता येईना. एकदा खणखणत खाली पडलं. कुणी हसलं नाही. हिरी आजोबांचा हात सोडून उंबरा ओलांडून आली, हॅण्डल उचलून तिच्या हातात देत हळूच म्हणाली, "बाई, तुमी भेता?"

अंजनानं पोरींकडे पाहिलं.

"भेते, हिरी. पयल्या दिवसापासून भेते. भेतभेतच शिकली. आईले तेवढं सांगाचं राह्यलं."