भिंतीतली आरोही

सातपूरच्या त्या गल्लीत सकाळपासून रांग लागली होती. सुलाबाईंच्या आतल्या खोलीतली भिंत जिवंत झाल्याची बातमी पार घोटीपर्यंत पोचली होती. ओलसर भिंतीला हात लावला की झिणझिण्या दंडापर्यंत चढत. कुणी किंचाळे, कुणी हमसून रडे.

"चपला बाहेर! हात तीर्थात बुडवा!" भिंतीशी उभा राहून गल्लीतला देवऋषी कुंदन महाराज ओरडत होता. "गेलेलं माणूस जगदंबेच्या पदराआडून हात पुढं करतंय! ज्याला जाणवलं नाय, त्याच्या मनात पाप हाय!"

पापी कोण ठरणार? मग ज्यांना काही जाणवलं नव्हतं, तेही थरथरून दाखवत.

गोरक्ष दारातच थबकला. सुलाबाई त्याची थोरली बहीण. तिची एकुलती एक लेक आरोही मागच्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेली, तेव्हापासून अक्का कुणाशी धड बोलली नव्हती. आज तिनं आपण होऊन फोन केला होता.

"आलास? चल, हात लाव," ती त्याला ओढतच म्हणाली. "आपली आरू हाय रे. माझा हात धरती ती."

तिचा चेहरा इतका उजळलेला होता की गोरक्षला बघवेना.

त्याचं काम घरं तपासण्याचं. फ्लॅट घेण्याआधी लोक त्याला दाखवायला नेत. त्याआधी त्यानं गवंड्याच्या हाताखाली माल कालवला होता, नळाची कामं केली होती, आयटीआय करून वायरमन म्हणून राबला होता. भिंतीचे सुटलेले पोपडे, पलीकडे न्हाणीघर, वर जुना दिव्याचा पॉइंट. त्यानं खिशातला टेस्टर भिंतीला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

एक गरोदर बाई ओल्या पायांनी पुढं सरकत होती.

"थांबा! हात लावू नका!" गोरक्ष ओरडला आणि धावत जाऊन त्यानं मेन स्विच पाडला. मग मीच आधी लावतो म्हणून त्यानं तळहात भिंतीवर ठेवला. काही नाही. इतरांनीही लावून पाहिला. भिंत नुसती गार.

"देवी कोपली! नास्तिकाच्या पायगुणानं निघून गेली!" महाराज गरजला.

"देवी बटनावर येते-जाते होय?" गोरक्षनं सगळ्यांना मागं सारून मेन चालू केला आणि टेस्टर भिंतीला टेकवला. टेस्टर पेटला. मेन बंद करून पुन्हा टेकवला, पेटला नाही. "आणि महाराज, सगळ्यांना अनवाणी उभं करता. तुमच्याच पायात रबरी चपला कशा?"

सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. महाराजानं पाय सोवळ्यात ओढून घेतले.

वीज बंद ठेवून गोरक्षनं छिन्नीनं गिलावा फोडला. आत गळका नळ होता. त्याला लागूनच वायरीचा जुना जोड, वरची टेप कुजलेली. "नळाच्या पाण्यानं भिंत भिजली, जोडातली वीज ओलीत उतरली. उघडे पाय, ओले हात, म्हणून झटका. ओल आणखी वाढली असती, तर इथं कुणीतरी मेलं असतं."

गडबडीत महाराज मागच्या दारानं सटकला. लोक पुटपुटत पांगले.

सुलाबाई मात्र फोडलेल्या भोकात हात घालून उभी होती.

"चालू कर," ती म्हणाली.

"अक्का, वीज हाय ती."

"मला ठाऊक नाय का? मरंना का मी. चालू कर." तिचा आवाज फाटला. "तिला तापातनं तू वाचवली नाय. आता ही पण नेलीस."

गोरक्ष फरशीवर बसला आणि भाचीच्या नावानं पहिल्यांदाच मोठ्यानं रडला. बऱ्याच वेळानं सुलाबाई खाली टेकली, पण त्याच्या अंगाला अंग न लावता.

नळ बदलला, वायर बदलली, भिंत वाळली. सुलाबाई भावाशी बोलेना. तो रविवारी यायचा, चहा घ्यायचा, जायचा.

अशाच एका रविवारी हरसूलकडची एक म्हातारी दारात आली. तिचा तरणा मुलगा गेला होता. "त्या भितीला हात लावू दे गं माय," ती म्हणाली.

गोरक्ष उठायला लागला. सुलाबाईनं त्याला हातानं बसवलं आणि स्वतः पुढं गेली.

"भितीत कुणी नाय, मावशी. वीज होती. मलाबी वाटलं होतं, माझी लेक हाय. गेलेलं माणूस असं येत नाय. कुणी आणून देतो म्हणला तर त्याच्या पायात काय हाय ते आधी बघा." तिनं म्हातारीचा हात आपल्या हातात घेतला. "रडायचं हाय ना? मग माझ्यापाशी बसा. काय नाव होतं पोराचं?"