ऑडिटची खंडेनवमी

आम्रपाली विद्यापीठात धर्मांचा अभ्यास करते म्हणजे नेमकं काय करते, हे दिघीत त्यांच्या गल्लीत कुणालाच कळलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिने समजावून पाहिलं. शेजारच्या सोजरबाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि मग विचारलं, की पोरी, चीवर कधी घेणार तू? मामाला वाटलं, भाची धर्म बदलायला निघाली. त्याने दोन महिने अबोला धरला. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने गृहप्रवेशाचा मुहूर्त विचारला. दुसऱ्या वर्षापासून कुणी विचारलं की ती नुसतं ‘एम. ए.’ म्हणायची आणि पुढे चालू लागायची.

पण प्रबंधाचा विषय तिला याच गल्लीने दिला होता. तिच्या मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं होतं, पुस्तकात काय आहे ते ग्रंथालयात आहेच, माणसं काय करतात ते घेऊन या. आम्रपालीला लगेच आठवली ती भोसरीतल्या सोपानरावांच्या वर्कशॉपमधली खंडेनवमी.

तिचे वडील खंडू तिथे बावीस वर्षं काम करत होते. अठरा माणसं आणि चार पॉवर प्रेस. पत्र्याला एका ठोक्यात आकार देणारी ही यंत्रं. हात वेळेवर बाहेर निघाला नाही तर पत्र्याबरोबर बोटंही जातात. खंडेनवमीला तिथला रिवाज एकच होता: ज्याची मशीन, त्याचा नारळ. पुजारी नाही, मंत्र नाही. तीन नंबरची प्रेस मुबीनचाचांची, म्हणून तिचा हार आणि नारळ मुबीनचाचांच्या हातचा. दोन नंबर खंडूची. घरी पूजाअर्चा नसलेला खंडू त्या दिवशी प्रेसपुढे हात जोडत नसे, नारळ फोडत नसे. मशीन लख्ख पुसून तिला नवं ग्रीस भरायचा. चाचांच्या नारळाचं खोबरं मात्र सगळ्यांच्या आधी मागायचा. लहानपणी आम्रपाली दर वर्षी वडिलांबरोबर जायची, आणि पहिला तुकडा चाचा तिच्या हातावर ठेवायचे.

हेच तिला लिहायचं होतं. खंडेनवमी वर्षातून एकदाच येते. ती हुकली की प्रबंध हुकला आणि वर्षही गेलं. म्हणून तिने सगळं नियमाने केलं. विभागाचं छापील पत्र, गोल शिक्का, मॅडमची सही, असं सगळं घेऊन महिनाभर आधी सोपानरावांना नेऊन दिलं. चूक झाली ती तिथेच.

सोपानरावांच्या वर्कशॉपमध्ये शिक्क्याचं पत्र एकाच कारणासाठी येत असे: मोठ्या कंपनीचं ऑडिट. आणि ऑडिटची तयारी कशी करायची हे त्यांना पंचवीस वर्षांच्या सरावाने पाठ होतं. त्यांनी तीच केली.

खंडेनवमीला सकाळी आम्रपाली वही घेऊन फाटकातून आत शिरली आणि थबकली. जमिनीवरचे पिवळे पट्टे ताजे रंगवलेले. भंगाराचा ढीग ताडपत्रीखाली. अठरा माणसं, नव्हे सतरा, इस्त्रीच्या कपड्यांत रांगेत उभी. मधोमध झेंडूच्या कमानीखाली सोवळं नेसलेले एक गुरुजी. आणि सोपानराव, ज्यांनी तिला कडेवर घेऊन लाडू भरवले होते, ते हात जोडून म्हणाले, “या मॅडम.”

“काका, मी आमू.”

“व्हय, पण आज मॅडम.”

तिने विचारलं, हे काय आहे? सोपानराव अभिमानाने म्हणाले, सगळं शास्त्रानुसार आहे, एकही खोट सापडायची नाही. तिने विचारलं, मुबीनचाचा कुठे आहेत? सोपानरावांनी आवाज खाली आणला. “त्यांना सुट्टी दिली. मुसलमान माणूस पूजा करताना दिसला, तर तुमच्या कागदात ते चुकीचं भरलं जाईल ना. त्यांनाबी त्रास, आमालाबी.”

आम्रपालीने वडिलांकडे पाहिलं. खंडू छताकडे बघत होता.

संमतीच्या अर्जावर एकेकाची सही घेत ती कामगारांना प्रश्न विचारू लागली. पहिल्याला विचारलं, तुम्ही मशीनची पूजा का करता? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “आम्ही सर्व धर्मांचा आदर करतो.” दुसऱ्यानेही हेच सांगितलं. तिसरा, प्रितम, मध्येच अडखळला आणि त्याने खिशातला कागद काढून पाहिला. उत्तरं टाइप करून वाटली होती, अगदी ऑडिटला वाटतात तशीच. ती शेवटी वडिलांपाशी आली.

“पप्पा, तुम्ही तरी.”

“आम्ही सर्व धर्मांचा आदर करतो,” खंडू म्हणाला आणि नजर चुकवून पुटपुटला, “नोकरी हाय बाई.”

तिने वही मिटली. पहिलं वर्षभर तिने लोकांना सांगून पाहिलं होतं की मी कुणाचा धर्म तपासायला जात नाही, बघायला जाते. आणि बघायला आल्याबरोबर बघण्यासारखं होतं तेच तिने पळवून लावलं होतं. आता पुढची खंडेनवमी, म्हणजे पुढचं वर्ष.

पूजा दोन तास चालली. गुरुजी बिचारे भले होते. त्यांनी कुठे काय वाहायचं हे विचारून घेतलं, आणि सोपानरावांनी सांगितलं, सगळीकडे, भरपूर. चारही प्रेसवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू पडलं, मुठीमुठीने अक्षता पडल्या. दक्षिणा घेऊन गुरुजी गेले. लगेच सोपानरावांनी टाळी वाजवली, कारण संध्याकाळपर्यंत चाकणला माल पाठवायचा होता.

तीन नंबरवर प्रितमला बसवलं. पहिला पत्रा बाहेर आला, त्यावर तांदळाच्या दाण्यांचे ठसे. दुसराही तसाच. सोपानरावांनी मशीन बंद करायला लावली. डायमध्ये, म्हणजे ज्या साच्यावर पत्रा दाबतात त्यात, कुंकू आणि तेलाचा लगदा झाला होता. ती डाय उघडता येणारा माणूस एकच होता.

खंडूने फोन केला. मुबीनचाचा लांब नव्हतेच. फाटकासमोरच्या टपरीवर सकाळपासून तिसरा चहा घेत बसले होते. ते आले, त्यांनी वाकून डायमध्ये पाहिलं आणि बोटाच्या टोकावर एक दाणा उचलून धरला.

“मालक,” ते म्हणाले, “पुलाव करायचा होता का?”

सतरा माणसं खाली मान घालून हसली.

चाचांनी डाय उघडली. हवेच्या नळीने एकेक दाणा उडवला, कुंकू पुसलं, पाण्याचा ओघळ टिपला, तेलाचं बोट फिरवलं. राग सगळा हातात होता, पण फडकं हळू फिरत होतं. आम्रपाली बाजूला उभी होती. तिला कळलं, लहानपणी नारळाच्या आधी व्हायचं ते हेच, आणि त्या वेळी तिचं लक्ष फक्त खोबऱ्याकडे असायचं. डाय परत बसली. चाचांनी कमानीतला एक हार ओढून प्रेसच्या चाकाला घातला आणि नारळ मागितला.

सोपानराव कळवळून म्हणाले, “मुबीनभाई, मॅडमसमोर नको.”

“ही मॅडम?” चाचांनी तिच्याकडे पाहिलं. “हिला पहिला तुकडा कोण देणार मग?”

नारळ मशीनपासून चार हात दूर, जमिनीवर फुटला. खंडू ग्रीसचा डबा घेऊन आपल्या प्रेसकडे गेला. एकेक जण आपापल्या जागी गेला, आणि खिशातले कागद कुणी परत काढले नाहीत.

आम्रपालीने संमतीचा अर्ज पुढे केला. विचारण्याआधी सही घ्यायची, हा विभागाचा नियम. चाचांनी तेलकट हात दाखवले, तर ती म्हणाली, चालेल. अर्जावर सही कमी आणि डाग जास्त उमटला. मग तिने सकाळपासूनचा तोच प्रश्न विचारला, आणि हेही, की पूजा केली म्हणून घरी कुणी बोलत नाही का.

“बोलतात ना. मशिदीतपण बोलतात, इथंपण बोलतात.” चाचांनी दोन्ही पंजे तिच्यासमोर उघडले. “मोज. बत्तीस वर्षं. हिनं एकपण घेतलं नाही. हिचं काहीतरी करायला नको?”

तिने बोटं मोजली. दहा होती. तिने ते तसंच लिहून घेतलं.

सोपानराव मागे येऊन उभे राहिले होते. “मॅडम,” ते हळूच म्हणाले, “ते तांदळाचं तेवढं लिहू नका.”

“काका,” आम्रपाली वहीतून वर न पाहता म्हणाली, “सुरुवात तिथूनच करणार आहे.”