बिनहळदीचं चिकन
फेलिपे हा माझ्या चांगीच्या ऑफिसातला क्युबन सहकारी. तो आज जेवायला येणार होता आणि मी त्याच्या आईच्या पद्धतीचं चिकन करणार होते. ठेचलेला लसूण, संत्र्याचा आणि लिंबाचा रस, जिरं, ओरेगॅनो, मीठ, बस. हळद नाही, हे मी घरात चारचारदा बजावलं होतं, कारण गेल्या वेळी सासूबाईंनी "वास येतो गं" म्हणत चिमूटभर टाकलीच होती.

सकाळी वेट मार्केटमधून, म्हणजे इथल्या ताज्या मांस-मासळीच्या बाजारातून, चिकन आणलं, कॉर्डलेस फोन खांद्यात धरून पुण्याच्या बहिणीशी बोलत बोलत ते धुतलं आणि डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलं. मग लसूण ठेचला, लिंबं पिळली. रस ओतायला डबा उघडला, तर चिकन पिवळंधमक.

माझं डोकंच फिरलं. "कुणी लावली हळद? एक गोष्ट धड करू देत नाहीत या घरात."

"मी फ्रिज उघडलासुद्धा नाही," माझा नवरा धम्मानंद म्हणाला.

"मग काय फेलिपेनं येऊन लावली?"

सासूबाईंनी माझा हात धरून माझ्याच डोळ्यांसमोर आणला. पाचही नखं पिवळी होती.