रिपोर्ट कोणाच्या हातात

सोनिवलीच्या समाजमंदिरात सकाळीच बायकांची रांग लागली. बोअरच्या पाण्यातलं शिसं रक्तात उतरतंय का, हे तपासायचं होतं. "आमच्या आळीतल्या सगळ्या येतील," असं आळीतल्या वडीलधाऱ्या आण्णांनी या अभ्यासासाठी आलेल्या हिमानीला कालच सांगितलं होतं, आणि सगळ्या आल्या होत्या. आण्णा स्वतः दारात खुर्ची टाकून बसले होते.

पहिली त्यांची सून, कुंदा. तिनं हात पुढे केला. हिमानीनं दंडाला पट्टा बांधला आणि अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीनं घालून दिलेला प्रश्न विचारला, "रक्त कशाला घेतोय, तुमच्या शब्दांत सांगाल?"

कुंदानं दाराकडे पाहिलं. "आण्णांनी सांगितलंय, द्यायचं."

हिमानीनं पट्टा सोडला.

"आता काय?" आण्णा म्हणाले. "मी हो म्हटलंय ना? लशीच्या वेळी एवढी चौकशी नव्हती केली कोणी."

"दोन मिनिटं, आण्णा."

मागच्या खोलीत, लग्नाच्या पातेल्यांपाशी, हिमानीनं सगळं पुन्हा समजावलं. नको असेल तर नाही म्हणता येतं, हेही सांगितलं.

"ते कळलंय मला," कुंदा म्हणाली. "रिपोर्ट कोणाकडे येणार?"

"तुमच्याकडे."

"आण्णा तर म्हणतात, सगळे त्यांच्याकडे." तिचा आवाज खाली गेला. "दोनदा पोट पडलं माझं, ताई. रक्तात काही निघालं तर खोट माझ्यातच म्हणतील. माहेरी धाडायचं बोलणं चाललंच आहे."

हिमानीला कालचं बोलणं आठवलं. दारोदार फिरणं वाचेल म्हणून कालच ती आण्णांना म्हणाली होती, रिपोर्ट एकदमच तुमच्याकडे देते.

बाहेर येऊन तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "काल माझं चुकलं. रिपोर्ट जिचा तिच्याच हातात मिळेल."

"म्हणजे माझ्या घरातलं मलाच कळायचं नाही?"

"त्यांनी सांगितलं तर कळेल."

आण्णा उठले. "मग आमच्या आळीतून थेंब मिळायचा नाही. चला गं."

"उपाशीपोटी उभं केलं, आता चला," रांगेतल्या बनूबाई पुटपुटल्या, पण निघाल्या. रांग विस्कटली. थंड पेटीतल्या नळ्या कोऱ्याच राहिल्या. या आळीशिवाय अभ्यास अर्धाच राहणार होता. हिमानी पेटी बंद करू लागली.

शेवटी कुंदा चपला घालायला दारात वाकली.

"विठ्ठलवाडीला पण घेता ना रक्त, तुमच्या हापिसात?"

"घेतो. एकट्या आलात तरी."

"कुंदा!" बाहेरून आण्णांची हाक आली.

"आले, बंद तुटलाय," ती ओरडली. बंद धड होता. "बुधवारी बहिणीकडे यायचंय मला तिकडे," ती हळूच म्हणाली आणि निघाली.