हसणाऱ्या तंबूतला दोर

मी हाताने फिरवायचा एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. मुरबाडच्या एका वखारीत भाताच्या पोत्यांआड पडलो आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "जुनी वस्तू आहे, जपून ठेवा." असं म्हणणाऱ्यांचा मला संशय येतो. आधी माझी हकिगत ऐका. मग जपा, नाहीतर भंगारात घाला.

मला कुठल्याशा परदेशी कारखान्यात घडवलं. तिथलं काही आठवत नाही. पितळी दातेरी चाकं, एक भिंग आणि पोटाशी हँडल, एवढीच तिथली खूण अंगावर आहे. शहरांत बोलपट आला, तेव्हा मुकी चित्रं आणि मी एकदमच म्हातारे ठरलो. एका तंबूवाल्या मालकाने मला उचललं, बैलगाडीत घातलं आणि जत्रा-जत्रांतून फिरवलं.

माझ्यातून सगळ्यात जास्त वेळा गेलं ते एका सुकड्या माणसाचं रीळ. तो उंच इमारतीवरून लोंबकळायचा. छज्जा निसटायचा, विजार फाटायची, पाय हवेत नाचायचे. लोक पोट धरून हसायचे. बायका डोळ्यांवर पदर घ्यायच्या आणि पदराआडून बघायच्या. पण मी त्या रिळाची एकेक चौकट भिंगापुढून नेली आहे. त्यात एके ठिकाणी जोड आहे. जोडाच्या अलीकडे तो खाली बघतो, पलीकडे खालचा रस्ता दिसतो. तो आणि रस्ता एका चौकटीत कधीच येत नाहीत. त्याच्या पायाखाली गादी होती की दगड, मला आजही ठाऊक नाही. तो खरंच जिवावर उदार झाला असेल, तर हसणाऱ्यांना लाज वाटावी. नसेल, तर त्यांनी तिकिटाचे पैसे परत मागावेत.

पौषात म्हसा गावची जत्रा भरली. सिद्धगडाखालचा बारकू बायकोला, हिराबाईला, घेऊन खेळाला आला. बारकू कड्यावरची मोहोळं काढायचा. कमरेला दोर बांधून कड्याखाली उतरायचं आणि वरचं टोक धरायचं ते बायकोच्या भावानेच, अशी त्यांची रीत. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, तो मूठ उघडणार नाही, हा त्यामागचा विचार.

सगळा तंबू हसत होता. बारकू तेवढा हसत नव्हता.

"ह्याचा मेवना कुठं हाय रे?" त्याने मोठ्याने विचारलं. "दिसत नाय तो."

"तुज्या बायकोला इचार!" मागून कोणीतरी ओरडलं. तंबू पुन्हा हसला.

मालक लबाड. खेळ सुटताच त्याने बारकूला गाठलं. "उद्या तू खांबावरून लोंबकळ. पडद्यावर तो, इकडे तू. अख्खी जत्रा तुलाच बघेल."

"दोर कोन धरनार?" हिराबाई मध्येच म्हणाली. "माजा भाऊ कमळू बैल इकाया बाजारात गुतलाय."

"मी धरतो की, हिराताई! तू मला बहिणीसारखी."

तिकिटाला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला मालक ताई म्हणायचा. पण बारकूचा चेहरा खुलला. "आयकलंस गो? भैन म्हनला. आता ह्यो माजा मेवना झाला."

"तोंडानं झाला," हिराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. बारकू मधल्या खांबावर दोन माणसांच्या उंचीवर टांगलेला. त्याच्या कमरेचा दोर कप्पीवरून माझ्या शेजारच्या खुंट्यावर आला होता. तिथे दोन वेढे घेऊन टोक मालकाच्या डाव्या मुठीत. उजव्या हाताने तो माझं हँडल फिरवत होता. मधूनच दोर सैल सोडायचा. बारकू घसरायचा, पाय झाडायचा आणि तंबू दणाणायचा.

हिराबाई पडद्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. ती मालकाच्या मुठीकडे बघत होती.

"पुढं बघ की ताई, गंमत चाललीय!"

"माजी गंमत हितंच हाय."

एवढ्यात रीळ माझ्या दात्यांत अडकलं. फीत थांबली की बत्तीच्या धगीने पेट घेते. पडद्यावर त्या सुकड्याच्या पोटाला तपकिरी भोक पडू लागलं. मालकाने क्षणभरही विचार केला नाही. दोन्ही हातांनी त्याने रीळ सोडवलं.

दोर खुंट्यावरून सरसर निघाला. हिराबाईने झेप घेऊन तो धरला. तळहात सोलत दोर पळत होता. ती फरफटत खुंट्यावर आदळली, पाय रोवले, पण मूठ सोडली नाही. बारकू जमिनीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

आणि मित्रांनो, तंबूने शिट्ट्या मारल्या. "पुन्यांदा! पुन्यांदा!"

मालकाने कपाळावरचा घाम पुसला. "झकास झालं! उद्याही असंच करू. ताई, तू पण."

बारकू कमरेची गाठ सोडत होता. हिराबाईने रक्ताळलेले तळहात त्याच्यापुढे धरले.

"ह्यो बघा तुमचा मेवना," ती म्हणाली.

ती पुन्हा कुठल्या खेळाला दिसली नाही. मालकाने मात्र जळका तुकडा कापून रीळ जोडलं आणि पुढल्या जत्रेत दाखवलं. लोक तितकेच हसले. मग खेड्यांतही बोलपट आले, लढाईच्या दिवसांत मुकी रिळं मिळेनाशी झाली आणि मी इथे येऊन पडलो.

मला तेल घाला, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. मला आणि माझ्या रिळाला एका माणसाने एकदा दोन्ही हातांनी जपलं होतं. त्या वेळी काय झालं, ते मी पाहिलं आहे. जपायचीच असतील, तर लोंबकळणारी माणसं जपा. मी गंजलो, तर गंजू द्या.