सरळ वायर

"सुहासिनीबाई, वायरीला हात लावायचा नाही. ते विनायकचं काम. तुम्ही आपलं टाइप करा."

काकासाहेबांचा तो खर्जातला आवाज एकतीस वर्षांनीही सुहासिनीच्या कानात कालच्यासारखा होता. दिल्लीतल्या त्या नकाशांच्या कचेरीत काकासाहेब मोठे साहेब, विनायक इंजिनियर आणि ती ऑपरेटर. शिवाय विनायकची बायको.

कचेरीने मोडीत काढलेलं तेव्हाचं वर्कस्टेशन विनायकने घरी आणलं होतं. तो गेला, यंत्र राहिलं. आज ते दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसलं होतं, लग्नात रुसलेल्या विहिणीसारखं. फरीदाबादच्या एका कॉलेजात जुन्या संगणकांचं दालन निघत होतं. तिथला धवल, मूळचा नांदेडचा, ते न्यायला आला होता. अट एकच: चालू असेल तर दालनात, नाहीतर कबाड्याकडे. मुलाने, प्रतीकने, पितळी पाटीसुद्धा करून आणली होती: 'विनायक करंदीकर यांनी जुळवलेले यंत्र'.

पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच.

"कीबोर्ड नाहीये ना, काकू," धवल म्हणाला. "कीबोर्ड दिसला नाही की हे पडद्याकडे पाठ फिरवतं आणि मागच्या पोर्टातून, जोडलेल्या दुसऱ्या संगणकाशी बोलतं."

"कीबोर्ड लक्ष्मीबाई नगरचं सरकारी घर सोडताना मीच भंगारात दिला, यार," प्रतीक ओशाळला.

धवलने मागच्या पोर्टाला वायर लावून लॅपटॉप जोडला. लॅपटॉपवर अक्षरांचा वेग बदलून पाहिला, दुसरी वायर लावली. पण एक अक्षर उमटेना.

"पोर्ट गेलं, काकू. सॉरी."

"चलो, मग कबाडीवाल्याला फोन करतो," प्रतीक उठला.

"खाली बस," सुहासिनी म्हणाली. "धवल, या दोन्ही वायरी आतून उलटलेल्या ना?"

"हो. इकडचं बोलणं तिकडच्या ऐकण्याला जोडलेलं. उलटवावंच लागतं."

तिला हसू आलं. आजोळी जात्यावरच्या ओव्या ऐकत ती वाढली होती, आणि त्या कचेरीत तिने मनातल्या मनात एक ओवी रचली होती:

एकीचं गं बोलणं, दुसरीच्या कानी जावं,
दोघी बोलू लागल्या, तर कुणी गं ऐकावं?

"सरळ वायर लाव," ती म्हणाली.

"काकू, सरळ वायर चालतच नाही. पुस्तकातच आहे."

"पुस्तकाने हे यंत्र उघडलं होतं का? लाव म्हटलं ना!"

धवलने प्रतीककडे पाहिलं. प्रतीकने खांदे उडवले. धवलने बॅगेच्या तळातून सरळ वायर काढली, म्हातारीचा हट्ट पुरवावा तशी लावली आणि यंत्राचं बटण दाबलं.

लॅपटॉपवर अक्षरांची ओळ धावली. मग दुसरी. कीबोर्ड मिळाला नाही, म्हणून इथून बोलतोय, असं यंत्र आपल्या इंग्रजीत सांगू लागलं.

"अरे बाप रे!" धवल उभाच राहिला. "म्हणजे उलटापालट या पोर्टाच्या आतच केलीय कुणीतरी. मी वर उलटी वायर लावली, दोनदा उलटून झालं पुन्हा होतं तसं!"

"कचेरीत गठ्ठाभर वायरी आल्या, सगळ्या सरळ," सुहासिनी म्हणाली. "नव्या मागवायच्या तर सहा महिने. आणि मंत्रालयाची माणसं दुसऱ्याच दिवशी पाहणीला येणार. म्हणून आतल्याच तारा उलटवून कथलाचे डाग दिले."

"हे बिल्कुल बाबांचंच काम!" प्रतीक म्हणाला. "म्हणून तर कचेरीचं सर्टिफिकेट मिळालं त्यांना. तुला सांगून ठेवलं होतं ना त्यांनी?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आजवर तिने तीच हलवली होती. हॉलमधल्या त्या सर्टिफिकेटच्या काचेवरची धूळ पुसतानाही.

धवल पाटी यंत्रावर धरून जागा बघत होता. सुहासिनीने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"आई?"

"तुझे बाबा त्या दिवशी तापाने घरी होते, प्रतीक. साहेबांनी हात लावू नको म्हणून बजावलं होतं, तरी यंत्र मी उघडलं. डाग मी दिले. साहेबांनी नाव तुझ्या बाबांचं घेतलं, ते गप्प बसले, आणि मीही बसले. हे काम माझं आहे. पाटी नवीन कर."